वकील व्हायचंय, मग कॉलेज कोणतं? आधी सात वर्षांचा हिशेब मांडा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा. न्यू जर्सीत राहता, सगळ्यांकडे ग्रीन कार्ड आहे. मुलगी अकरावीत आहे, जीपीए (श्रेणींची सरासरी) ३.९, सॅट (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १४८०, डिबेटमध्ये चांगली, आणि तिला वकील व्हायचं आहे. ती २०२७च्या ऑगस्टमध्ये कॉलेजात जाईल. घरचं उत्पन्न वर्षाला १ लाख ६५ हजार डॉलर, ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) १ लाख १० हजार जमा, शिवाय दरवर्षी २५ हजार खिशातून काढता येतील. धाकटा आठवीत आहे. तुम्ही विचारलंय: ‘प्री-लॉ (लॉ स्कूलआधीची तयारी) चांगलं असलेली, नाव असलेली, पण परवडणारी कॉलेजं सांगा.’

नावं सांगतो, पण खाली. आधी प्रश्न जरा फिरवून घेऊ, कारण ‘प्री-लॉ चांगलं असलेलं कॉलेज’ शोधायला लागलात की शोध चुकीच्या दिशेने जातो. प्री-मेडला निदान ठरावीक विषय करावेच लागतात. प्री-लॉला तेवढंही नाही. लॉ स्कूलांना मान्यता देणारी अमेरिकन बार असोसिएशन कोणताही विशिष्ट मेजर (पदवीचा मुख्य विषय) सुचवत नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, गणित, संगीत, काहीही करून लॉ स्कूलला जाता येतं. भारतातले नातेवाईक म्हणतील, ‘बारावीनंतर पाच वर्षांत बीए एलएलबी होतं, मग तिकडे सात वर्षं कशाला?’ इथे पद्धतच ती आहे: चार वर्षं पदवी, मग तीन वर्षं जेडी, म्हणजे कायद्याची पदवी. म्हणून तुमचा खरा प्रश्न असा होतो: हाताशी असलेले पैसे सात वर्षांना कसे पुरवायचे, आणि पहिली चार वर्षं कुठे घालवली तर पुढच्या तीन वर्षांसाठी मुलगी सर्वांत भक्कम स्थितीत असेल?

लॉ स्कूल काय बघतं ते कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं. सर्वांत जास्त वजन दोन आकड्यांना: पदवीचा जीपीए आणि एलसॅट या लॉ स्कूल प्रवेशपरीक्षेचा स्कोअर. निबंध, शिफारसपत्रं, कामाचा अनुभव यांनाही किंमत आहे, पण ती या दोन आकड्यांनंतर. प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी आपल्या प्रवेशांत या दोन्हींचे मध्यक (बरोबर मधला आकडा) जाहीर करावे लागतात आणि क्रमवारीतही ते मोजले जातात, त्यामुळे शाळा त्यांना फार जपतात. देशातल्या अगदी वरच्या लॉ स्कूलांत एलसॅटचा मध्यक १२० ते १८०च्या मापावर १७०च्या वर असतो आणि जीपीएचा ३.९च्या आसपास किंवा त्याहून वर. ज्याचे दोन्ही आकडे एखाद्या शाळेच्या मध्यकाच्या वर आहेत, त्याला ती शाळा बहुधा प्रवेश देते, बऱ्याचदा पैसेही देऊ करते. अपवाद हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड. तिथे लॉ स्कूलची मदत गुणांवर मिळत नाही, गरजेवर मिळते.

पदवीच्या कॉलेजाच्या नावाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. मोठ्या लॉ स्कूलांच्या वर्गांत आयव्ही लीगवाले भरपूर दिसतात. पण त्यातला बराच भाग हा की तीच मुलं मुळात परीक्षांत हुशार असतात आणि एलसॅटलाही चांगले गुण काढतात. माझं मत विचाराल तर नावाचा फायदा काठावरच्या निर्णयांत होतो. नामांकित कॉलेजातल्या ३.६ला राज्य विद्यापीठातला ३.९५ सहसा मागे टाकतो. आणि एलसॅटचा पेपर तर सगळ्यांना सारखाच.

आता पैसे. तुमच्याकडे चार वर्षांत १ लाख १० हजार अधिक २५ हजार गुणिले चार, म्हणजे २ लाख १० हजार आहेत. वर्षाला ९२ हजार छापील खर्चाचं खासगी विद्यापीठ सवलतीशिवाय घेतलं तर ३ लाख ६८ हजार होतात. म्हणजे लॉ स्कूलचं दार दिसायच्या आधीच १ लाख ५८ हजारांचा खड्डा. मुलीच्या नावावर मिळणारं फेडरल कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि नंतर दोन वर्षं ७,५००, एकूण २७ हजार. उरलेलं तुमच्या डोक्यावर. पालकांच्या नावावरच्या पेरेंट प्लस या फेडरल कर्जालाही १ जुलै २०२६पासून मर्यादा येते: एका मुलामागे वर्षाला २० हजार, एकूण ६५ हजार.

पुढचा बदल त्याहून मोठा आहे आणि बऱ्याच पालकांना अजून माहीत नाही. आजवर लॉ स्कूलचा सगळा खर्च ग्रॅड प्लस नावाच्या फेडरल कर्जातून भागवता यायचा. तेच कर्ज नव्या विद्यार्थ्यांसाठी १ जुलै २०२६पासून बंद होतंय. लॉसारख्या व्यावसायिक पदव्यांना वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर एवढंच फेडरल कर्ज. तीन वर्षांच्या जेडीला म्हणजे प्रत्यक्षात दीड लाख. वरच्या खासगी लॉ स्कूलांची नुसती फी आज ८० हजारांच्या घरात आहे. राहणं-खाणं धरलं तर तीन वर्षांचे साडेतीन लाख सहज होतात. फरक भरून काढायला खासगी कर्ज, आणि त्यावर सहसा सहकर्जदार म्हणून सही लागते ती आई-वडिलांची. तुमची मुलगी लॉ स्कूलला २०३१ ते २०३४ असेल. धाकटा २०३० ते २०३४ कॉलेजात असेल. ही दोन वर्तुळं जवळजवळ पूर्ण एकमेकांवर बसतात, हे आत्ताच कागदावर लिहून ठेवा.

‘वकील झाल्यावर फेडेल की’ हा युक्तिवाद अर्धाच खरा. न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा पगार २ लाख २५ हजार डॉलर आहे, हे खरं. पण नव्या वकिलांच्या पगाराचा आलेख दोन उंचवट्यांचा असतो: एक तिथे वर, आणि दुसरा, ज्यात जास्त लोक बसतात, बराच खाली. सरकारी वकील, पब्लिक डिफेंडर, छोट्या फर्म्स यांत सुरुवातीला ६० ते ८० हजार सर्रास दिसतात. दोन लाखांचं कर्ज आठ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिना सुमारे २,४२५ डॉलर बसतो. ७० हजारांच्या पगारात तो भरून जगता येत नाही. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत १२० हप्ते भरल्यावर उरलेलं फेडरल कर्ज माफ होण्याची योजना आहे, पण खासगी कर्जाला ती लागू नाही. आणि डिबेट आवडणाऱ्या अकरावीतल्या मुलीला नेमकी कोणती वकिली आवडेल, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून तुमच्या घरासाठी मी मर्यादा अशी घालेन: पदवीचा निव्वळ खर्च वर्षाला ४० हजार, चार वर्षांचे १ लाख ६० हजार. म्हणजे ५० हजार लॉ स्कूलला शिल्लक राहतात. ५२९मधले पैसे लॉ स्कूललाही चालतात आणि नाव बदलून धाकट्याच्या शिक्षणालाही वळवता येतात, त्यामुळे ते उरले तर वाया जात नाहीत. निव्वळ खर्च म्हणजे एकूण खर्चातून फक्त परत न द्यायचे पैसे वजा करून येणारा आकडा. कर्ज आणि वर्क-स्टडी (कॉलेजात काम करून कमवायचे पैसे) त्यात वजा करायचे नाहीत, कॉलेजच्या पत्रात ते ‘मदत’ या मथळ्याखाली छापलेले असले तरी.

आता यादी. ‘महत्त्वाकांक्षी’ कॉलेजांचे पैशाच्या दृष्टीने दोन अगदी वेगळे प्रकार असतात आणि लोक ते एकत्र करतात.

पहिला प्रकार फक्त गरजेवर मदत देणारा, पण भरभरून देणारा. हार्वर्डमध्ये २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना, मालमत्ता सर्वसाधारण असेल तर, शिकवणीची फी नाही. एमआयटी आणि पेनची मर्यादाही तीच. प्रिन्स्टनने ती अडीच लाखांवर नेली आहे. तुमच्या उत्पन्नाला प्रिन्स्टन हे रटगर्सपेक्षा स्वस्त पडू शकतं. मेख एवढीच की शंभरातले चार-पाच अर्ज स्वीकारले जातात आणि तिथे गुण पाठवणाऱ्या मुलांच्या सॅटची मधली पट्टी साधारण १५००पासून वर सुरू होते. अर्ज जरूर करा, पण असे तीन-चारच. दहा करून शक्यता दहापट होत नाही. निबंध मात्र दहापट वाईट होतात.

दुसरा प्रकार गुणांवर मोठी शिष्यवृत्ती देणारा. तुमच्यासारख्या, म्हणजे गरजेच्या सूत्रात अडकणाऱ्या पण श्रीमंत नसलेल्या घरासाठी खरी शिकार इथे आहे. व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड लीची जॉन्सन शिष्यवृत्ती किमान शिकवणी, राहणं आणि जेवण भागवते आणि प्रवेश घेणाऱ्या वर्गातल्या सुमारे दहा टक्के मुलांना मिळते. त्याच आवारात त्यांचं लॉ स्कूलही आहे. युनिव्हर्सिटी ऑफ रिचमंडची रिचमंड स्कॉलर्सही तेवढाच खर्च भागवते. बॉस्टन युनिव्हर्सिटीत ट्रस्टी शिष्यवृत्ती पूर्ण शिकवणीची आहे, पण नेहमीच्या जानेवारीच्या मुदतीवर विसंबलात तर हुकेल. शिष्यवृत्तीसाठी १ डिसेंबरच्या आत अर्ज लागतो. मेरिलँडमध्ये बॅनेकर-की शिष्यवृत्तीसाठी १ नोव्हेंबरची अर्ली अॅक्शनची (लवकर केलेला, पण बांधील नसलेला अर्ज) तारीख पाळावी लागते. पिट्सबर्गला अर्ज येतील तसे निकाल लागतात, म्हणून सप्टेंबरातच पाठवा. हातात एक होकार असला की घरातली हवा बदलते. अलाबामा विद्यापीठ जीपीए आणि सॅटचा तक्ताच जाहीर करतं: एवढे गुण, एवढे पैसे. मराठी घरात अलाबामा म्हटलं की कपाळावर आठ्या पडतात, पण १४८० आणि ३.९ला तिथे काय मिळतं ते त्या वर्षीच्या तक्त्यात एकदा बघा आणि मग नाक मुरडा.

तिसरा आधार घरचा. रटगर्स न्यू ब्रुन्सविक ऑनर्स कॉलेज आणि द कॉलेज ऑफ न्यू जर्सी. रटगर्सचा राहून-जेवून खर्च शिष्यवृत्तीशिवाय ३५ ते ४० हजारांत बसतो, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या आत. ‘सेफ्टी’ या शब्दाने मुलं या कॉलेजांना कमी लेखतात. तिला एकदा ऑनर्सच्या वर्गात नेऊन बसवा, वीस मुलांच्या सेमिनारमध्ये. रटगर्समध्ये तीन अधिक तीनचा मार्गही आहे: तीन वर्षं पदवी, चौथं वर्ष थेट लॉ स्कूलचं पहिलं वर्ष. एका वर्षाचा खर्च वाचतो. तोटा असा की त्यामुळे मुलगी बहुधा त्याच विद्यापीठाच्या लॉ स्कूलला बांधली जाते, आणि तिचे आकडे चांगले आले तर दुसरीकडची शिष्यवृत्ती शोधायची संधी जाते. पर्याय म्हणून उघडा ठेवा, सतराव्या वर्षी ठरवून टाकू नका.

यादीतून सरळ काढायचा प्रकार कोणता? जिथे गुणांवर पैसे मिळत नाहीत आणि गरजेचं सूत्र तुमच्याकडून ५५-६० हजार मागतं. जॉर्जटाउन बघा. वॉशिंग्टन शहर, राजकारण, कायदा, सगळं मोहात पाडणारं. पण तिथे गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या नाहीत, फक्त गरजेवर मदत. कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरने (त्याबद्दल खाली) ४० हजारांच्या आत आकडा दिला तर ठेवा, नाहीतर अर्जाच्या फीपासूनच वाचवा. मिशिगनसारखी परराज्यातली मोठी सरकारी विद्यापीठंही याच वर्गात. बाहेरच्यांना फी खासगीसारखी आणि मदत बेताची. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना चॅपल हिल मात्र बाहेरच्या विद्यार्थ्यांचीही मोजलेली गरज पूर्ण भागवतात, म्हणून त्यांचा आकडा काढून बघण्यासारखा.

हा आकडा काढायचा कुठे? प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो; २०११पासून तो कायद्यानेच बंधनकारक आहे. या शनिवार-रविवारी टॅक्स रिटर्न घेऊन बसा आणि पंधरा कॉलेजांचे आकडे एका तक्त्यात भरा. चुका बहुतेक ठरलेल्या असतात. डब्ल्यू-२ या पगाराच्या वार्षिक पत्रकावरचा करपात्र आकडा टाकतात आणि ४०१-के या निवृत्ती खात्यात गेलेले पैसे विसरतात. खासगी कॉलेजं ते उत्पन्नात परत मिळवतात. आयटीतल्या घरात एखाद्या वर्षी आरएसयू, म्हणजे कंपनीने दिलेले शेअर, जास्त व्हेस्ट झालेले (हातात आलेले) असतात आणि त्या वर्षीचं उत्पन्न फुगतं. २०२७च्या प्रवेशासाठी २०२५चंच टॅक्स वर्ष धरलं जातं, म्हणजे तो आकडा आता बदलत नाही. पण २०२५ हे अपवादात्मक वर्ष होतं असं कागदोपत्री दाखवता आलं, तर आर्थिक मदत कार्यालयाला पत्र लिहून फेरविचार मागता येतो.

आणि आपल्या लोकांची खास अडचण: पुण्यातला फ्लॅट. राहतं घर फाफसामध्ये, म्हणजे फेडरल मदतीच्या अर्जात, मोजत नाहीत. पण दुसरं घर, मग ते एडिसनला असो की कोथरूडला, गुंतवणूक म्हणूनच धरलं जातं. भारतातल्या मुदतठेवी आणि भाड्याचं उत्पन्नही लिहायचं असतं. भावांबरोबर सामायिक मालमत्ता असेल तर फक्त आपला हिस्सा, आणि त्यातून कर्ज वजा करून. ‘इथे कुणाला कळतंय’ म्हणून गाळू नका. तेच खातं तुमच्या कर विवरणात आणि परदेशी खात्यांच्या जाहीरनाम्यात नोंदलेलं असतं, आणि खोटी माहिती हा फेडरल गुन्हा आहे. खासगी कॉलेजांचा सीएसएस प्रोफाइल फॉर्म राहत्या घराचं मूल्यही विचारतो. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन ते हिशेबात धरत नाहीत, इतर काही धरतात. दोन कॉलेजांच्या कॅल्क्युलेटरमध्ये वीस हजारांचा फरक दिसला तर कारण बऱ्याचदा हेच असतं. आणखी एक: दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की फाफसा पूर्वी सवलत द्यायचा, ती २०२४-२५पासून गेली. सीएसएसवाली बरीच कॉलेजं मात्र अजून ती जमेस धरतात. तुमच्या बाबतीत ते एकच वर्ष आहे, २०३०-३१.

अर्ली डिसिजनबद्दल माझा सल्ला ठाम आहे: कॅल्क्युलेटरचा आकडा मर्यादेत असल्याशिवाय करू नका. तो होकार बांधील असतो. मदत पुरेशी नसेल तर त्यातून बाहेर पडता येतं, पण दुसऱ्या कॉलेजांच्या शिष्यवृत्तींशी तुलना करण्याची संधी गेलेली असते, आणि तुमची सगळी बाजू तुलनेवरच उभी आहे. अर्ली अॅक्शन बांधील नसतं. ते मात्र जिथे शक्य तिथे करा.

मेजर कोणता, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, तरी सांगतो. ज्यात भरपूर वाचावं आणि लिहावं लागतं आणि ज्यात तिला ए मिळतील, तो. ‘लीगल स्टडीज’ किंवा ‘क्रिमिनल जस्टिस’ घेतल्याने लॉ स्कूलमध्ये जास्तीचा गुण मिळत नाही. लॉ स्कूलला गेलीच नाही, तर पदवीवर नोकरी मिळेल का हेही बघा. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राची जोड त्या दृष्टीने उपयोगी. घरात इंजिनिअरिंगचा आग्रह असेल तर एक खरा मुद्दा त्या बाजूने आहे: पेटंट कार्यालयापुढे काम करायची वेगळी परीक्षा आहे आणि तिला बसायला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पार्श्वभूमी लागते. पण पेटंटमध्ये रस नसताना ‘सुरक्षित’ म्हणून इंजिनिअरिंग केलं आणि जीपीए ३.३वर आला, तर लॉ स्कूलचा तो आकडा पुन्हा सुधारता येत नाही.

जीपीएबद्दल इथे थांबून नीट वाचा, कारण हे आत्तापासूनच लागू आहे. लॉ स्कूल कॉलेजने दिलेल्या जीपीएवर विसंबत नाही. एलसॅट घेणारी एलएसएसी ही संस्था सगळ्या ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) मागवून स्वतःचा जीपीए काढते. त्यात पहिली पदवी मिळेपर्यंत कुठेही घेतलेला प्रत्येक कॉलेज कोर्स येतो. हायस्कूलमध्ये असताना काउंटी कॉलेजात घेतलेला ड्युअल एन्रोलमेंटचा कोर्ससुद्धा. बारावीच्या उन्हाळ्यात गंमत म्हणून घेतलेल्या कॅल्क्युलसमधला सी पाच वर्षांनी येलच्या अर्जात दिसतो. हायस्कूलमध्ये दिलेल्या एपी परीक्षेच्या क्रेडिटचं तसं नाही, त्यांना श्रेणी नसल्याने ती मोजली जात नाहीत. नापास कोर्स पुन्हा करून कॉलेजने जुनी श्रेणी पुसली, तरी ती ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिटसह दिसत असेल तर एलएसएसी दोन्ही धरते. ए प्लसला ४.३३ मिळतात. काही विद्यापीठांत ए प्लस ही श्रेणीच नाही, काहींत आहे. भेटीत हे विचारायला लाजू नका. पदवीनंतर केलेल्या मास्टर्सने हा आकडा हलत नाही.

एलसॅटची तयारी आत्ता करायची गरज नाही. २०२४च्या ऑगस्टपासून त्यातला लॉजिक गेम्सचा भाग गेला. उरलं ते तर्क आणि आकलन, आणि दोन्हीचा पाया वाचनाचा. सरावाचं काही साहित्य एलएसएसीच्या लॉहब या साइटवर फुकट मिळतं. बहुतेक मुलं हल्ली पदवीनंतर एक-दोन वर्षं काम करून लॉ स्कूलला जातात. ती वर्षं वाया जातील अशी धास्ती घेऊ नका. तेवढ्यात एलसॅट नीट होतो, चौथ्या वर्षाचे गुण अर्जात येतात, आणि तुमच्या घराच्या हिशेबात धाकट्याच्या खर्चाशी होणारी टक्करही थोडी सैल होते.

कॉलेज बघायला गेल्यावर टूर देणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहाबद्दल विचारा, आणि प्री-लॉ सल्लागाराची वेगळी भेट मागा. त्यांना विचारायचं: मागच्या वर्षी तुमच्याकडून किती जणांनी लॉ स्कूलला अर्ज केले, त्यांचा एलसॅट आणि जीपीए साधारण काय होता, कुठे गेले? सल्लागाराकडे ही माहिती असायला हवी. ‘आमची मुलं सगळीकडे जातात’ एवढंच उत्तर आलं तर तो विभाग नावापुरता. दुसरा प्रश्न: पहिल्या दोन वर्षांत वीसच्या आतले किती वर्ग मिळतात? लॉ स्कूलला प्राध्यापकांची दोन पत्रं लागतात. चारशेच्या वर्गात ए मिळवलेल्या मुलीबद्दल प्राध्यापक लिहिणार काय? तिसरा: शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए लागतो? ३.० ठीक आहे. ३.५ असेल तर पहिल्या सेमिस्टरच्या धक्क्याला जागा आहे का, हे लेखी विचारून घ्या.

मुलीला स्वतंत्रपणे एक सांगा: वकिलीचा परवाना घेताना, म्हणजे बारमध्ये दाखल होताना, चारित्र्याची चौकशी होते आणि कॉलेजातल्या शिस्तभंगाच्या नोंदी उघड कराव्या लागतात. वसतिगृहात बियरसह सापडल्याची नोंद निभावून जाते. निबंध चोरल्याची किंवा एआयकडून लिहून घेतल्याची नोंद फार जड जाते.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून वरचं सगळं लागू. हे वाचणाऱ्या एच-४वरच्या (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांच्या पालकांसाठी: फेडरल मदत आणि फेडरल कर्ज मिळत नाही, आणि बहुतेक खासगी कॉलेजं मदतीसाठी मुलाला आंतरराष्ट्रीय धरतात. गरज न बघता आंतरराष्ट्रीय मुलांना प्रवेश देऊन गरज पूर्ण भागवणारी कॉलेजं मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि आणखी काही. राज्यातली फी एच-४ला लागू होते का, हे राज्याराज्यावर ठरतं. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, म्हणून कॉलेज निवडण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

तुमच्या मुलीची यादी मी अशी करेन: प्रिन्स्टन आणि पेन, आकडा जमला तर व्हर्जिनिया, वॉशिंग्टन अँड ली, रिचमंड, बॉस्टन युनिव्हर्सिटी, मेरिलँड ऑनर्स, पिट्सबर्ग, रटगर्स ऑनर्स आणि द कॉलेज ऑफ न्यू जर्सी. दहा. सॅट पुन्हा दिला आणि १५२०च्या पुढे गेली, तर मधल्या गटातल्या शिष्यवृत्तीची शक्यता वाढेल; त्या परीक्षेवर घातलेले दोन महिने एखाद्या महागड्या उन्हाळी ‘लॉ कॅम्प’पेक्षा नक्की जास्त देतील. फाफसा आणि सीएसएस १ ऑक्टोबरला उघडतात. पहिल्या आठवड्यात भरून टाका.

मार्चअखेरीस प्रवेशाची आणि मदतीची पत्रं येतील. प्रत्येक पत्रातलं कर्ज आणि वर्क-स्टडी खोडा, एकूण खर्चातून उरलेली मदत वजा करा आणि त्याला चारने गुणा, दरवर्षी तीन-चार टक्के फीवाढ धरून. आवडतं कॉलेज मर्यादेपेक्षा पाच-सहा हजारांनी वर असेल तर तोडीच्या दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून फेरविचाराची विनंती करा, नम्रपणे आणि आकड्यांसह. अशा फरकासाठी काही कॉलेजं ऐकतात. पंचवीस हजारांच्या फरकासाठी जवळजवळ कुणीच नाही. विनंती एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेली पाहिजे, कारण १ मेला जागा पक्की करायची असते आणि त्या कार्यालयांना उत्तर द्यायला दोन आठवडे सहज लागतात.